पाठीमागं पोर दिसत नाही

४ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! ला पाझहून सात तास ट्रकच्या फळीवर. केसांत धूळ, तोंडात धूळ, पण फिना सगळा रस्ताभर टुणटुणीत. सहा वर्षांची पोर, दमणं म्हणून ठाऊक नाही. शाळेमागची आमची खोली एवढीशी आहे, पण खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसतो. शेजारच्या बासिलियाताईंनी वाळवलेल्या बटाट्यांचं गरम सार आणलं. त्यांच्याशी त्यांच्या आयमारा भाषेत बोलायला गेले, तर पोट धरधरून हसल्या. माझी आयमारा आईकडून ऐकलेली, स्वयंपाकघरापुरती! मीही हसले. नवरा, रामिरो, खाणीत दगावला, त्यानंतर आज पहिल्यांदा.

९ फेब्रुवारी
गावातले सगळे म्हाताऱ्या ताता इलारियोंकडे ‘पाठ बघून’ घ्यायला जातात. मला वाटलं, पाठदुखीवर औषध देतात! ट्रकनं कंबरडं मोडलंच होतं, गेले. त्यांनी कांबळ्यावर कोकाची पानं टाकली, कितीतरी वेळ नुसती पाहिली आणि म्हणाले, बाई, तुझ्या पाठीमागं पोर दिसत नाही. मी हसून म्हटलं, दिसेल कशी ताता, भटकभवानी आहे, सारखी मागं रेंगाळते. त्यांनी पानं गोळा केली.
पण म्हाताऱ्याचं खरं आहे. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक सुसाट जातात. उद्यापासून फिनानं माझ्या पुढं चालायचं.

१७ फेब्रुवारी
फिना कुरकुरते. तिला माझा घागरा धरून मागून यायला आवडतं. आज रागावलेच. पुढं हो, मला डोळ्यांसमोर दिसली पाहिजेस! बिचारी मुकाट्यानं पुढं झाली.
बासिलियाताई म्हणाल्या, गोड होती हो पोर तुमची. होती काय ताई, ही काय समोर उभी! माझ्या आयमाराला हसतात, आणि यांचंच व्याकरण बघा.

२३ फेब्रुवारी
वर्गात पोरं म्हणाली, बाई, फिना छान गायची. फिना पहिल्याच बाकावर होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हजेरी घेताना तिचं नाव सापडेना. मीच लिहिलं होतं. माझ्या हातानं.

२६ फेब्रुवारी
ताईंनी आज एकच वाडगा सार आणलं.
फिनाच्या कपाळाला हात लावला. ताप नाही. गार. मला विचारते, आई, तू अजून रागावलीयेस का?
सकाळच्या धुळीत फक्त माझी पावलं उमटली होती. ती तर माझ्यापुढंच चालत होती. मी बघत होते ना—

२७ फेब्रुवारी
तातांकडे धावत गेले. पाठ म्हणजे— देवा रे. इथं पाठ म्हणजे पुढं येणारे दिवस. ताता म्हणाले, घडून गेलं ते डोळ्यांसमोर असतं, म्हणून दिसतं. यायचं ते पाठीमागं, कुणाला दिसत नाही. म्हणून तर लेकरं पाठीला बांधतो आम्ही. समोर ठेवतो ते गेलेल्यांना. तू काय केलंस गं बाई?
मी ओरडले, तेव्हाच का नाही सांगितलंत! म्हणाले, आयमारा आईच्या पोटची तू, वाटलं, कळलं तुला.
मी ढकललं तिला पुढं. रोज. दटावून.
आता पाठीशी घे म्हणाले. वळून मात्र बघू नकोस.

२८ फेब्रुवारी, दुपार
ताईंची शाल आणून बांधलंय पाठीला. मोठी झालीये, पाय खाली लोंबतात. राणी, माफ कर गं आईला. मान वळू नये म्हणून लिहीत बसलेय. वहीतच बघायचं. मानेला तिचा श्वास लागतोय. गार आहे, पण आहे.

शाल सैल पडतेय. गाठ तर मी घट्ट—

विचारलं, फिना, आहेस ना गं?
होते ना आई, म्हणाली. इतक्या लाडानं.

नाही. आहे म्हण. सोन्या, आई चुकली, आईला भाषा येत नाही, तू नुसतं एकदा आहे म्ह—