भाऊबीजेचं ताट पंगतीत

निंबोला,
दिवाळीच्या अलीकडचा बुधवार

प्रिय शालकबुवा निंबाभाऊ यांस तुमच्या दाजीचा, म्हणजे चुडामणचा, रामराम.

तापीमाईच्या कृपेनं इकडे माणसं, ढोरं आणि केळी सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? त्या दिवशी पंगतीतून उठून फटफटीला ज्या जोरानं लाथ मारलीत, त्यावरून बराच असावा असं वाटतं. फोन तुम्ही उचलत नाही. मोबाइल आल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलं नव्हतं, ते तुमच्या रुसव्यानं लिहायला लावलं. (अक्षर लागलं नाही तर सूनबाईकडून वाचून घ्या, पण सगळं वाचा.)

आता मुळापासून सांगतो. आमचं गाव केळीचं. जिकडे बघाल तिकडे पानंच पानं. आणि आम्ही शहाणे लग्नात जेवायला बुऱ्हाणपूरहून कागदी पत्रावळी आणायचो, वरून प्लास्टिक लावलेल्या, आणि त्यावर चित्र कशाचं? केळीच्या पानाचं! जेवण झालं की सगळा ढीग नाल्यात. उन्हाळ्यात माझ्या म्हशीनं भाजीच्या वासानं तसली एक पत्रावळ गिळली आणि पुरे चार दिवस माझ्याकडे अशी बघत होती, जशी काय मीच वाढली तिला. तेव्हा शेजारची मालूबाई म्हणाली, “दाजी, घरोघरी माळ्यावर ताटं धूळ खात पडलीत. सगळ्यांनी थोडी थोडी द्या, गावाचं एक भांडेघर करू. ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यावी, घासून परत ठेवावी.” पानं का नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, कणकेच्या बट्टीवर पातळ वरण ओतलं की पानावरून ते थेट शेजाऱ्याच्या धोतरात जातं!

सगळ्यांना पटलं. माझी ओसरी रिकामी म्हणून भांडी तिथं ठेवली आणि मला अध्यक्ष केलं. पण लोकांचा हात कसा, तुम्हाला माहीत आहे. कोणी पोचा पडलेलं ताट दिलं, कोणी काठ फाटलेलं. एकानं तर असं दिलं की त्यातून चहा गाळता आला असता. आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं, कारण आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव नसलं तर तो आहेरच नाही.

पहिली पंगत कडूच्या पोरीच्या लग्नाची. आता या कडूची आणि त्याच्या जुन्या व्याह्याची, म्हणजे सुनेच्या बापाची, बोलचाल बंद आहे, आणि नेमकं व्याह्याच्या नावाचं ताट त्याच्यापुढे आलं. पण गडी हुशार. त्यानं नावावर एक बट्टी ठेवली आणि पोटभर जेवला. (ती बट्टी मात्र शेवटपर्यंत हलवली नाही. अन्न टाकलं म्हणून मालूबाईनं त्याला चार लोकांत झापला.) निंबाभाऊ, त्याच पंगतीत तुम्हालाही एक बट्टी ठेवता आली असती. पण तुमच्या ताटावर ‘भागाताईस भाऊबीज, निंबाकडून’ हे वाचलंत, आणि हातही न धुता निघालात. बहिणीनं आपली भेट गावाच्या उष्ट्याखरकट्यात टाकली, असंच वाटलं ना?

तर ऐका. तुमची ती ताटं इतकी वर्षं तिनं कोणाला लावू दिली नव्हती. मीसुद्धा घरात पोचा पडलेल्या ताटात जेवतो. भांडेघराचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी टाकाऊ दिलं, आणि हिनं ती कोरी ताटं काढली. मी म्हटलं, “अगं, भावाची आहेत.” तर म्हणते, “म्हणूनच देते. माळ्यावर कोण वाचतं त्याचं नाव? आता गावात दर लग्नाला वाचतील.” आणि त्या दिवशी त्यातलं एक तिनं पदराखाली धरून ठेवलं होतं, तुम्ही बसेपर्यंत. दुसऱ्या कोणाला वाढू देईना. तुमच्यापुढे स्वतः ठेवलं आणि खांबाआड उभी राहिली, भाऊ वाचून कसा खुलतो ते बघायला.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. सगळ्या गावानं ते नाव कौतुकानं वाचलं, रागानं वाचलं ते तुम्ही एकट्यानं. तेव्हापासून फोन वाजला की ती पिठाच्या हातानं धावते, आणि केळीचा व्यापारी निघाला की माझ्यावर डाफरते. भाऊबीजेला पाट मांडायचा की नाही, हे विचारायची तिची हिंमत नाही, म्हणून मी विचारतो. तुमचं तुकईथड काही काशीइतकं लांब नव्हे. या.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
चुडामण

ता. क. : येताना रिकाम्या हातानं कसं यावं, हा संकोच तुम्हाला होणारच. तर भांडेघरात वरणाचं मोठं पातेलं नाही. कडूकडे तीन चुलींवर तीन चवींचं वरण झालं. साडी आणू नका. नाव ठळक घाला, लांबून वाचता येईल असं.

ता. क. दुसरा : आधीचा ता. क. वाचून असं समजू नका की पत्र पातेल्यासाठी लिहिलं. (मालूबाईला मात्र मी पातेलं येतंय असं सांगून बसलोय.)

ता. क. शेवटचा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात तुमच्या ताईनं पत्र हातातून ओढून वाचलं. म्हणते, “पातेलं-बितेलं काही नको, त्याला म्हणावं नुसता ये.” मग ओसरीत जाऊन भांडी बघून परत आली. म्हणते, आणलंच तर झाकणासकट आण.