पाव फेरा

६ मे, सोमवार
सासरे रविवारी येणार. बायकोने स्पष्टच बजावलं: स्टेशनवरून घरी येईपर्यंत तिच्या बाबांना घाम फुटला, तर गाडी विकायची. माझी गाडी! लग्नाच्याही आधीची!
एसीत जुन्याऐवजी नव्या प्रकारचा गॅस भरून घेतल्यापासून कॉम्प्रेसर सारखा टक-टक चालू-बंद होतो. गॅरेजवाल्याला अजिबात फोन करणार नाही. व्हिडिओ पाहिला. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच जुन्या गॅसच्या हिशेबाने सेट असतो, त्याचा स्क्रू जरा फिरवायचा. एका वेळी फक्त पाव फेरा. पोरखेळ आहे.

७ मे, सकाळ
स्विच सापडला. व्हिडिओतल्या माणसाला आधी वायरचा प्लग काढावा लागला. माझा स्क्रू आयता उघडा! नशीब लागतं. पाव फेरा डावीकडे. फरक लगेच जाणवला.

७ मे, संध्याकाळ
बायको म्हणते, काडीचा फरक नाही. तिला गाडीतलं काय कळतं?

८ मे
आणखी पाव. टक-टक आता बरीच समजूतदार वाटते. मुलीला क्लासला सोडताना विचारलं, गार वाटतंय ना? हो म्हणाली. माझा शर्ट भिजला होता, पण तो उत्साहाने.

९ मे
मुलगी स्वेटर घालून गाडीत बसली. स्वेटर! भर उन्हाळ्यात! मला भरूनच आलं. शेजाऱ्यांना म्हटलं, तुमच्याही गाडीचा एसी सेट करून देतो. ते घाईघाईने आत गेले.

१० मे
एकूण किती पाव झाले आणि कुठल्या बाजूला, ते विसरलो. हरकत नाही. हाताला कळतं.

११ मे
बायकोला सांगितलं, उद्या बाबांसाठी शाल बरोबर घे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. घेतली.

१२ मे, दुपार
पहिल्या सिग्नलला सासऱ्यांची शाल गेली. दुसऱ्याला शर्टाची बटणं. तिसऱ्याला त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावून बोनेट उघडलं. मी अभिमानाने स्विच दाखवला. त्यांनी शांतपणे विचारलं, जावईबापू, याची वायर कुठाय?
वायर वीतभर पलीकडे. नव्या पाइपवर, नव्याकोऱ्या स्विचला. नवा गॅस भरताना गॅरेजवाल्याने तो बसवला आणि जुना स्विच नुसता भोक बुजवायला तसाच ठेवला. आठवडाभर मी बूच पिळत होतो.

१२ मे, संध्याकाळ
गाडी विकायची. मीच हो म्हणालो.
मुलीला विचारलं, मग स्वेटर कशाला घातलास? म्हणाली, बाबा, तू इतक्या आशेने विचारत होतास.
तिच्या पाठभर घामोळं उठलंय. पावडर मी लावली. गार वाटतंय का, हे विचारायची हिंमत झाली नाही. तीच म्हणाली, वाटतंय. या वेळी खरं असावं.