तोफखान्यातला आवाज

टोरांटो
३ सप्टेंबर १९९५

ती. आबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. शेजारच्या दुकानात फोन केला की हल्ली दर वेळी आईच येते. माझ्यावर रुसलात की काय?

आमच्या जाहिरात कंपनीत नवं काम आलंय. इथल्या रेडिओवर रविवारी मराठी, तेलुगू, उर्दू असा एकेका भाषेला अर्धा तास मिळतो. एका टेलिफोन कंपनीला त्यात सांगायचंय, मायदेशी फोन करा. साहेबांनी इंग्रजीवरून करून घेतलेलं मराठी असं : ‘अंतरावर मात करा, संवाद जोपासा.’ असं बोलणारं माणूस नगरात कधी भेटलंय का तुम्हाला?

ते वाचलं आणि तुमची सायकलरिक्षा डोळ्यांपुढे आली. दोन्ही बाजूंना सिनेमाची पोस्टरं, वर भोंगा, तुमच्या हातात माईक आणि शेजारी चिकटून मी. तोफखान्याच्या गल्लीत शिरलं की तुम्ही तेलुगूत बोलायचात, झेंडीगेटला उर्दूत, बाजार समितीपाशी अस्सल गावरान. सिनेमा एकच, पण प्रत्येक गल्लीला वाटायचं, हा आपल्यासाठीच आणलाय.

साहेबांना म्हटलं, आवाज माझ्या वडिलांचाच घेऊ. ते कबूल झाले! मराठीत आणि तेलुगूत थोडं बोलून कॅसेट धाडा.

आईला जयभीम. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
सीमा

अहमदनगर
२० सप्टेंबर १९९५

चि. सीमा हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पोरी, रुसतो कशाला? टेपरेकॉर्डर बिघडलाय. गल्लीतला गहिनीनाथ दुरुस्तीला घेऊन गेलाय, आणि त्याची दुरुस्ती म्हणजे तुला ठाऊकच आहे. माझी वाट पाहू नकोस, तिथलाच एखादा चांगला आवाज बघ.

युक्ती मात्र सांगतो. गल्लीत शिरल्या शिरल्या सिनेमाचं नाव घ्यायचं नाही. तोफखान्यात मी आधी विचारायचो, ‘अन्नं तिन्नावा, अक्का?’ जेवलीस का, ताई? ओट्यावर विड्या वळणाऱ्या बाया हसायच्या, माना वर करायच्या. मान वर झाली की मग सिनेमा. माणसाची विचारपूस त्याच्या बोलीत केली, की पुढचं तो आपणहून ऐकतो.

तब्येत ठीक. थंडीला जप. आमची आठवण उबेला आहेच.
तुझा,
आबा

अहमदनगर
४ ऑक्टोबर १९९५

चि. सीमास,
आईचा आशीर्वाद.

अक्षर वाकडंतिकडं हाय, वाचून घे. टेप बिघडला नव्हता. तुज्या आबाच्या गळ्यात गाठ हुती. जूनमदी पुण्याला आपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तू तिकडं एकटी, रडत बसशील, म्हनून मला तोंड उघडू दिलं न्हाई त्यांनी.

त्यांनी तुजं पत्र वाचलं अन् माळ्यावरचा माईक काढून पुसत बसले. ते बघून मला राहवंना. मी म्हनलं, मी बोलते. ते हसले, पण टेप घेऊन पुडं बसले. पैल्यांदा मी घाबरून वंदना म्हनल्यावानी बोलले. त्यांनी टेप बंद केला अन् पाटीवर लिहिलं, ‘सीमा समोर बसली आहे असं बोल.’ मग जमलं. कुटं थांबायचं, कुटं आवाज चढवायचा, सगळं हातानं दावत हुते.

तेलुगूची काळजी करू नको. तोफखान्यातल्या पुष्पावतीच्या शेजारी बसून जन्मभर विड्या वळल्या, तिची बोली माज्या तोंडात बसलीय. तरी तिला ऐकवलं. ती म्हनली, बरोबर हाय.

कॅसेट धाडते. नको वाटली तर ठिवून दे. जिवाला जप, आमचा जीव तिकडंच हाय.
तुजी,
आई

टोरांटो
१२ नोव्हेंबर १९९५

ती. आई-आबांस,
सविनय जयभीम.

आबा, मी तुमच्यावर खूप रागावलेय. पत्र घेऊन ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले, कुणी हाक मारली तरी उठवेना. मग कॅसेट लावली. आई म्हणत होती, ‘अगं, जेवलीस का? कवाची बोलली न्हाईस. फोन कर, मी दाराशीच बसलीय.’ साहेबांना एक अक्षर कळलं नाही, तरी त्यांनी पुन्हा लावायला सांगितली.

गेल्या रविवारी ती रेडिओवर लागली. तेलुगूचा अर्धा तास संपतो न संपतो तोच एका म्हाताऱ्या गृहस्थांचा रेडिओ केंद्रात फोन. फोनचा दर त्यांनी विचारलाच नाही. विचारलं काय, तर ही बाई कुठल्या गावची, हिला भेटता येईल का.

३ डिसेंबरच्या रविवारी, तुमच्या सकाळी, दुकानात फोन करते. आबा, तुम्हीच घ्या. नुसता कानाला लावा, बोलायचं काम माझं. फेब्रुवारीत रजा मिळतेय, येतेच आहे. तोवर राग माझ्याकडे, लोभ तुमच्याकडे.
तुमची,
सीमा

अहमदनगर
११ डिसेंबर १९९५

चि. सीमा हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

त्या रविवारी तू बोलत राहिलीस आणि मी ऐकत राहिलो. दुकानदाराला वाटलं, लाइन तुटली. तो रिसीव्हर घ्यायला आला, तर तुझी आई त्याच्यावर खेकसली.

आता इकडची बातमी. परवा मुलांना पोलिओचे डोस पाजले. त्याची दवंडी द्यायला नगरपालिकेचा माणूस सवयीनं मलाच शोधत आला होता. मी गळ्याकडे बोट दाखवलं, मग तुझ्या आईकडे. आदल्या दिवशी ती माईक धरून रिक्षात बसली. मी शेजारी, हातानं ताल दाखवायला. तोफखान्यात तिनं तेलुगूत पहिली हाक मारली, तशा बाया कडेवर पोरं घेऊन बाहेर आल्या. झेंडीगेटला तिचं उर्दू अडखळलं. तिथल्या बायांनीच ते सावरलं, आणि मग सगळ्या मिळून हसल्या.

परतताना दारातल्या एका म्हातारीनं मला ओळखलं. तिनं विचारलं, आज तुम्ही गप्प कसे? मी काही खूण करण्याआधीच तुझ्या आईनं भोंग्यावरून अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं, की जन्मभर हेच बोलले, आता ऐकायची पाळी यांची.

ये लवकर. आम्ही दोघं वाट पाहतोय.
तुझा,
आबा