टोपी उसवायला दे

ठमे,

पहाटे पाचला आईला पुन्हा दवाखान्यात दाखल केलं. तू रात्रपाळीला होतीस, म्हणून कळवलं नाही. तिचे कपडे न्यायला मी घरी आलेय.

सणाच्या भेटवस्तू टेबलावर आहेत. यंदा सगळं घरी वस्तू बनवून विकणाऱ्या बायकांकडूनच घ्यायचं, हा आईचा हट्ट होता, आणि आपल्या खिशालाही तेच झेपणारं. साबण आत्याला, मेणबत्त्या शेजारच्या काकूंना. उरलेला खोका तुझा, आगाऊपणा करून आत्ताच उघडू नकोस.

आईच्या लोकरी टोपीचा मात्र मी घोळ घातला. माप तिच्या जुन्या टोपीवरून दिलं, आणि ती घेतली तेव्हा आईला केस होते. काल घालून पाहिली तर थेट डोळ्यांवर आली. "दरोडा घालायला पाठवताय का मला?" म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

विणकामवाल्या मावशी ती उसवून पुन्हा विणून देणार आहेत, जादा काही घेणार नाहीत. आज दवाखान्यात आई झोपलेली असताना मी दोऱ्याने माप घेतलं. दोरा टोपीतच आहे, गाठीपर्यंतचं माप धरायला सांग. दुपारीच नेऊन दे.

दवाखान्यातून बाबांचा आत्ताच फोन आला. आई हाकेला ओ देत नाहीये.

ताई