अंधार करण्याआधी विचारणारी चौकट

काका,

रविवारच्या प्रयोगात आमचा नायक मेला आणि मेल्यानंतर बराच वेळ लख्ख उजेडात पडून राहिला. शेवटी बिचाऱ्याने नाक खाजवलं. पहिल्या रांगेतली एक बाई हसली, मग अख्खी रांग हसली, आणि दोन तास जमवत आणलेलं सगळं वाहून गेलं. दिवे माझ्याकडे होते. तुम्ही असता तर बोलला नसता, नुसता चष्मा काढून पुसत बसला असता, आणि मला तेच जास्त झोंबलं असतं. तुम्हाला जाऊन आठ-नऊ वर्षं झाली, तरी काही बिघडलं की मला अजून तुमचाच राग हवा असतो. बाकीच्यांच्या शिव्या नुसत्या ऐकू येतात.

तुमची ती लाकडी पेटी, दांडेवाली, आता कुणी वापरत नाही. दांडा वर नेला की दिवा वाढायचा, खाली आणला की उतरायचा, त्यात समजून घेण्यासारखं काही नव्हतंच. आता दिवे कमी-जास्त करणाऱ्या डिमरला लॅपटॉप जोडतात. त्यातला मुख्य प्रोग्राम फुकट मिळाला, कुणीतरी लिहून ठेवलाय; त्याला हात लावायचा नाही, नाट्यगृहाच्या मेन बोर्डासारखा. पण त्याच्या पोटात लुआ नावाची एक छोटीशी भाषा बसवलेली आहे. भिंतीत सॉकेट ठेवतात ना, तशी. आत काय चाललंय ते न कळताही आपण त्यात आपलं काहीतरी खुपसू शकतो. चार ओळी लिहिल्या की स्क्रीनवर बटण येतं, आणखी चार लिहिल्या की वर-खाली सरकणारी पट्टी येते. खडकीला डिप्लोमा अर्धवट टाकून पळालेल्या माणसालासुद्धा जमतं. मला वाटलं, झालं, काकांची पेटी आपण काचेवर बांधू.

कसलं बांधतोय. खिडकी जरा लहान केली की सगळ्या पट्ट्या एकमेकींच्या अंगावर चढतात. बटणावर 'हळू' लिहिलं तर उकार खालून कापला जातो, आणि 'प्रकाश'मधलं जोडाक्षर असं तुटून पडतं की जणू कुणी बटणावरून रिक्षा नेली. त्या उकारापायी मी एक आठवडा घालवला. मग कोपऱ्यात घड्याळ टाकलं. मग पट्ट्यांना रंग दिले, मग संध्याकाळच्या प्रवेशाला वेगळे, सकाळच्याला वेगळे. जे करायला बसलो होतो ते तसंच राहिलं, कारण ते कंटाळवाणं होतं: स्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते. दिवा सावकाश उतरवायला सांगितला की ती त्यातच गुंतते आणि तेवढ्यात दाबलेलं बटण तिला ऐकूच जात नाही. हे गुण कुणाचे, ते सांगायला तुम्ही नाही आहात हे एक बरंच आहे.

आमच्या नाटकाची दिग्दर्शिका, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तालमीत चहाचा कप माझ्याच टेबलावर ठेवते. पूर्ण अंधार मी स्पेसबारवर ठेवला होता. एकदा कप उचलताना तिचं कोपर त्यावर पडलं आणि ऐन गाण्यात मिट्ट काळोख. "काहीतरी सेफ्टी टाक रे," ती म्हणाली. "एवढी अक्कल आहे ना त्या डब्यात?" मग मी एक चौकट केली. स्पेसबार दाबला की मधोमध ती उघडणार आणि विचारणार, 'नक्की?' खाली दोन बटणं. 'नाही' काळ्या अक्षरात, 'हो' लाल अक्षरात, कारण अंधार करणं ही गंभीर गोष्ट आहे, ती लालच पाहिजे. फार आवडली होती मला ती चौकट. तिच्या कडासुद्धा गोल केल्या होत्या.

आता तुमच्या स्वयंपाकघराचं सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी काय माती खाल्ली. कसब्यात खाली गोडाऊन, वर तुमच्या दोन खोल्या. काकू ओट्यापाशी पोळ्या लाटतायत, आणि तुम्ही पाटावर बसून दिव्यापुढे लावायच्या लाल जिलेटिनचा ताव कात्रीने कापताय. मी नुकताच यायला लागलोय, सारखं काहीतरी विचारतोय, आणि उत्तर संपायच्या आत पुढचं विचारतोय. तुम्ही उठता, तो लाल कागद माझ्या डोळ्यांपुढे धरता आणि मला काकूंकडे वळवता. "कपाळ बघ." मी बघतो. सगळं लाल, आणि काकूंच्या कपाळावर काहीच नाही. "कुंकू कुठे गेलं?" मी म्हणतो. तुम्ही म्हणता, "गेलं नाही. लालात लाल दिसत नाही. नटीला लाल साडी असेल तर तिच्यावर लाल टाकायचा नाही, एवढं लक्षात ठेव, बाकीचं विसरलास तरी चालेल." आणि काकू लाटण्यासकट वळून ओरडतात, "अहो, हा काय अभद्रपणा! दुसरं काही मिळालं नाही का शिकवायला?" तुम्ही हसत नाही, पण तो कागद पटकन खाली घेता. जाताना त्यातलाच एक तुकडा गुंडाळी करून मला देता. "ठेव. कधीतरी लागेल."

लागला. लॅपटॉपचा पांढरा उजेड विंगेतून स्टेजवर सांडतो, म्हणून प्रयोगाआधी मी स्क्रीनवर जिलेटिन चिकटवतो. एरवी निळं असतं, रविवारी तुमचंच लाल चिकटवलं होतं. इतकी वर्षं खोल्या बदलताना, येरवड्याहून खडकीला, मध्ये गोव्याला, परत खडकीला, ती गुंडाळी कशी कोण जाणे हरवली नव्हती. मला वाटलं, काकांचा हात आहे. नायक छातीला हात लावून कोसळला, मी स्पेसबार दाबला, चौकट उघडली. नक्की? आणि खाली एकच बटण: 'नाही'. दुसऱ्या जागी कोरी लाल पट्टी. मी घाबरून दिसलं ते दाबलं. उजेड तसाच. पुन्हा स्पेसबार. पुन्हा नक्की? पुन्हा 'नाही'. डोळे स्क्रीनमध्ये, स्टेजवर काय होतंय ते बघतोय कोण! नायकाने नाक खाजवल्याचं मला हशावरून कळलं. मग मी तुमचं जिलेटिन ओरबाडून काढलं, विंगेतून पांढरा झोत थेट त्या प्रेताच्या तोंडावर गेला, त्याने डोळे किलकिले केले, आणि तेव्हा कुठे मला 'हो' सापडलं.

नायक दिवसा आयटीत असतो. मेकअप पुसताना म्हणाला, "घरी सांगतो आता. डॉक्टरांनी हात टेकले, लॅपटॉपने वाचवलं." सगळे हसले. ताई हसली नाही. तिने आधी चहा संपवला. मग म्हणाली, "गुरुवारी तालीम आहे. अंधार वेळेवर झाला तर शनिवारचा प्रयोग तुझा. नाहीतर मी भाड्याचा बोर्ड आणि त्याचा माणूस सांगते. त्यांचे दिवे विचारत नाहीत, विझतात." यात तिचं काय चुकलं? मी कुरिअर सोडलं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान सोडलं, डिप्लोम्याचं तर सांगायलाच नको. दिवे हे एकच असं आहे की ज्याच्याकडे मी पळून पळून परत आलो. तेही गेलं तर मला पुण्यात राहायला काही निमित्त उरत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरीकडे जायलाही नाही.

सोमवारपासून त्या स्क्रिप्टशी डोकं फोडतोय. घड्याळ काढलं. रंग काढले. उतरणाऱ्या दिव्याचे बारीक तुकडे केले, एक पायरी उतरायची आणि बटण दाबलंय का ते बघायचं, परत एक पायरी. हे नीट व्हायला बुधवार दुपार उजाडली. आणि सगळ्यात जास्त चिडचिड कशाची झाली सांगू? दांडा हाताला कळायचा. काच हाताला काहीच सांगत नाही, तिच्याकडे बघावंच लागतं. एकदा मी दांड्यांकडे बघत बसलोय आणि तुम्ही खिशातला रुमाल काढून पेटीवर अंथरता. "खाली काय बघतोस? उजेड तिकडे पडलाय." मग तुम्ही माझ्या मागे उभे. नट शेवटचं वाक्य बोलतो, मी रुमालाखाली दांडा धरून बसलोय, आणि मागून तुमचं ते "हं" येतं. ना आधी, ना नंतर. ते कशावरून ठरवायचात? मी किती वेळा विचारलं, तुम्ही म्हणायचात, "कळेल." कळेल काय, काका! नीट सांगून जायचं होतंत. त्या एका अक्षराची चार ओळींत स्क्रिप्ट लिहिता आली असती तर मी तीन दिवस असा डोक्याला हात लावून बसलो असतो का?

आज गुरुवार, संध्याकाळी तालीम झाली. चौकट काढून टाकली होती. टेबलावरून कपही हलवला. "मग मी चहा कुठे ठेवू?" ताई म्हणाली. "हातात," मी म्हणालो. स्क्रीनवर मी माझा रुमाल टाकला. नायक पडला. अंगठा स्पेसबारवर, डोळे त्याच्यावर, आणि मागे कुणी नाही. मी थांबलो, थांबल्याचं माझं मलाच कळलं, मग दाबलं. काळोखातून ताईचा आवाज आला, "उशीर." आणि जरा वेळाने, "पण हसणार नाही कुणी." भाड्याच्या बोर्डाचं ती काही बोलली नाही.

हे मी त्याच फाइलमध्ये लिहितोय, चौकटीच्या ओळी होत्या त्या जागी. लुआमध्ये ओळीच्या आधी दोन आडव्या रेघा मारल्या की मशीन ती ओळ न वाचता पुढे जातं, त्यामुळे हे कुणाकडेच जाणार नाही, मशीनकडेसुद्धा नाही. आणि एक राहिलंच. ताईला मी सांगितलंय की चौकट तिच्या कोपरामुळे टाकली. पण कोपरासाठी नुसता कप हलवला तरी पुरलं असतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. अंधार करायच्या आधी मागून कुणीतरी 'हं' म्हणायला हवं होतं मला. ते काही लिहिता येईना, म्हणून मी 'नक्की?' लिहिलं.