मॉन्ट्रियलहून अकरा सेकंद

बरकतपुरा, हैदराबाद
गुरुवार, १८ डिसेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील असं धरून लिहायला बसले आहे. इकडे यंदा थंडी चांगली पडली आहे. सकाळी गॅलरीत उभं राहिलं की काचीगुड्याच्या गाड्यांची शिटी घरात वाजल्यासारखी ऐकू येते. समोरच्या एकनाथरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे ते ज्याच्या त्याच्या घरातली जळमटं दाखवत हिंडतात. माझी नोकरी आहे तीच आहे. आठवड्यातून दोनदा गच्चीबावलीला जाते, बाकी घरूनच काम.

आता जे लिहायचं ते लिहिते. नऊ नोव्हेंबरला सकाळी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. बारा दिवस हॉस्पिटलात होती, आता घरी आहे. शुद्ध पूर्ण आहे, ऐकू येतं, माणसं ओळखते. बोलायला जाते तेव्हा फक्त 'हां' एवढंच निघतं, आणि ते निघालं की स्वतःच डोळे मिटून घेते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी तुला त्याच दिवशी तीन मेसेज पाठवले. त्यांच्यापुढे अजून एकच टिक आहे. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल केली, ती परत आली. शेवटी आईच्या डायरीत हा घरचा पत्ता सापडला. तू अजून तिथेच राहतोस की नाही, देव जाणे.

पत्र इथेच संपवता आलं असतं. पण तू आलास, तर आई तुझ्याकडे अशा काही नजरेनं बघेल की तुला तिचा अर्थ लागणार नाही. म्हणून पुढचंही लिहिते. आणि तुझ्या जूनमधल्या मेसेजबद्दलही लिहायचं आहे. ते शेवटी लिहीन. आधी लिहायला गेले तर बाकीचं लिहून होणार नाही.

तुला माहीत नसेल, आईनं मागच्या वर्षी दसऱ्याला दुकान काढलं. हलव्याच्या दागिन्यांचं, इंटरनेटवर. अण्णा गेल्यावर तिचा वेळ जाईना, आणि हात अजून तसाच होता. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस, वरून थेंब थेंब पाक आणि बोटांनी चाळवत बसायचं, तासन् तास. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत हलव्याला काटा काय सुंदर येतो, आठवतं ना तुला? इथली मराठी घरं कमी होत चालली आहेत, पण नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि बाळाचं बोरनहाण बंगळूरपासून दुबईपर्यंत सगळ्यांना हवं असतं. पहिल्याच हंगामात एकतीस ठिकाणी तिचे दागिने गेले.

दुकानाचं पान मी बांधलं. माझं पोटापाण्याचं कामच ते. लोकांच्या दुकानांत कोण आलं, कुठल्या गावाहून आलं, कुठल्या पानावर किती वेळ थांबलं, हे टिपून ठेवणारा कोड बसवायचा आणि त्याचा तक्ता मालकाला दाखवायचा. आईच्या दुकानातही बसवला. मला वाटलं, ती कशाला बघतेय. पण तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. रोज सकाळी दहाला चहाचा कप घेऊन माझ्या लॅपटॉपसमोर बसायची आणि वहीत आकडे उतरवून घ्यायची.

संक्रांत झाली, रथसप्तमी झाली आणि गिऱ्हाईक आटलं. गर्दी हटली तेव्हा तिला तो दिसला. रोज बरोबर दहाला एकजण यायचा. मॉन्ट्रियलहून. पहिलं पान उघडायचा, अकरा सेकंद थांबायचा आणि जायचा. एकाही दिवसाचा खाडा नाही.

तिनं मला हाक मारली. हाक अशी होती की मी घाबरून धावले. ती म्हणाली, "हा चिन्मय आहे."

मी म्हटलं, आई, त्या गावात लाखो माणसं राहतात.

"हौ, पण त्यातला हलव्याचे दागिने बघणारा कोण? वेळ बघ ना. त्याच्याकडे रात्रीचे साडेअकरा. निजायच्या आधी बघून जातो. पहिल्यापासून वेळेचा पक्का."

तुझ्याकडची वेळ तिनं बोटं न मोजता सांगितली. चार वर्षं ती तुझ्या घड्याळानं जगत होती आणि मला पत्ता नव्हता.

दादा, रोज तोच मिनिट, तेच अकरा सेकंद, तेच एक पान, असा माणूस नसतो. ऑफिसात कुणी नवशिक्यानं हे मला दाखवलं असतं तर मी हसले असते. पण तू वेळेचा पक्का आहेस हे मलाही माहीत होतं, आणि तो तूच असावास असं मलाही वाटत होतं. चार वर्षांपूर्वी अण्णा गेले, तेव्हाचं तुला सांगायला नको. तू म्हणालास, तेराव्यापर्यंत पोचतो, आणि आई फोनवर म्हणाली, "तेराव्याला पाहुणे येतात. आता राहू दे." तू राहू दिलंस. त्यानंतर दोघांपैकी कुणी फोन उचलला नाही आणि मी मध्ये बसून दोघांची खुशाली दोघांना कळवत राहिले, तीही हळूहळू कमी होत गेली.

त्या दिवसापासून दुकान गिऱ्हाइकांचं राहिलं नाही. तुझ्या बोरनहाणाचा फोटो तिनं पहिल्या पानावर लावायला लावला. अडीच वर्षांचा तू, काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी आणि तोंड रडवेलं. खाली लिहिलं, 'विक्रीसाठी नाही'. मग दर आठवड्याला नवीन फोटो. विद्यानगरच्या घराचा जिना. अण्णांची सायकल, पुढच्या दांड्यावर तू. एका बाईंनी विचारलं की सुनेचे दागिने कुठल्या पानावर गेले, तर आई म्हणाली, शोधतील त्या. तिला फक्त तू अकरा सेकंदांपेक्षा जास्त थांबायला हवा होतास.

मार्चच्या शेवटी मी तक्ता नीटनेटका करायला बसले आणि मला कळलं. दुकान सुरू झालं त्या दिवशी मीच एक सोय करून ठेवली होती. आपलं पान चालू आहे की बंद पडलंय, हे रोज एक यंत्र बाहेरून उघडून बघतं. सकाळी दहाची वेळ मीच दिली होती. ते यंत्र मॉन्ट्रियलच्या कुठल्याशा इमारतीत ठेवलेलं आहे. असली यंत्रं मोजणीतून वगळायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. दुसऱ्यांच्या दुकानांत मी तो कधी चुकले नाही. घरच्या दुकानात विसरले.

मी यंत्राला वगळलं. आईला काही सांगितलं नाही. वाटलं, दिसेनासं झालं की हळूहळू विसरेल.

दोन दिवस तक्ता रिकामा राहिला. तिसऱ्या दिवशी पाडवा होता. गुढी उभारून झाली, आणि आई नवं पातळ नेसलेली तशीच फोन घेऊन खुर्चीत बसली. चष्मा लावून तुझा नंबर काढला. म्हणाली, "आजारी असेल. मीच करते फोन. तेव्हा माझंच चुकलं होतं, तेही सांगून टाकते."

तेव्हा माझंच चुकलं होतं, असं ती म्हणाली, दादा. पुन्हा लिहिते, कारण हे वाक्य तुझं आहे आणि मी ते जवळजवळ नऊ महिने माझ्याकडे दाबून ठेवलं.

मी तिला थांबवलं. मला पुढचं सगळं दिसत होतं. ती विचारणार, रोज दुकान बघतोस ना रे? आणि तू म्हणणार, कुठलं दुकान? तो चेहरा मला बघवला नसता. मी म्हटलं, "थांब आई, माझीच काहीतरी गडबड झालीय, नोंद उशिरा येतेय." आणि आत जाऊन यंत्र पुन्हा मोजणीत घेतलं. दुसऱ्या दिवशी दहाला मॉन्ट्रियल हजर, अकरा सेकंद. आईनं फोन कपाटावर ठेवून दिला. येतोय ना, मग आपण विचारून त्याला ओशाळं करायचं नाही, तो आपल्या वेळेनं बोलेल, असं म्हणाली.

मला तिचा उतरलेला चेहरा बघायचा नव्हता, एवढंच. तुमच्या दोघांच्या भल्याचं वगैरे काही माझ्या मनात नव्हतं.

मे महिन्यात मी आणखी खाली गेले. तिच्या वहीत अकरा, अकरा, अकरा अशी पानंच्या पानं भरली होती. एवढे फोटो लावले तरी थांबत नाही म्हणायची, आणि जेवण अर्धं टाकून उठायची. मी यंत्राला अकराच्या जागी चाळीस सेकंद थांबायला सांगितलं. एका चौकटीत आकडा बदलायचा, बस. त्या दिवशी तिनं पुरणपोळ्या केल्या. सणवार काही नव्हता. मी दोन खाल्ल्या.

आता जूनचं.

तू लिहिलं होतंस, 'आईशी बोलावंसं वाटतं. फोन करू का? घेईल का ती?' मी तो मेसेज स्वयंपाकघरात उभी राहून वाचला. आई पलीकडे गवार मोडत बसली होती, चार पावलांवर. फोन तिच्या हातात द्यायचा, एवढंच काम होतं. पण तू बोलला असतास तर पहिल्या मिनिटाला माझं सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी तुला लिहिलं, 'आत्ता नको. अजून रागात आहे. मी सांगेन तेव्हा कर.' तू 'ठीक' म्हणालास.

ती रागात नव्हती, दादा. ती त्या आठवड्यात तुझा मुंजीतला फोटो शोधत होती. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, कारण मी तुला कधी खोटं सांगितलं नव्हतं. तिनंही त्याच कारणानं ठेवला. तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलायचं होतं, तिला आवाज होता, आणि मी मध्ये उभी राहून तो संपेपर्यंत वेळ काढला. यावर माफी मागण्यासारखा शब्द मला सापडत नाही. तू नंबर का बदललास ते मला समजतं.

आता सकाळ झाली की ती डाव्या हाताची पाच बोटं दाखवते, मूठ मिटते, पुन्हा पाच दाखवते. दहा. मी आंघोळीला असले तर तिला सांभाळायला येणारी यादम्मा दारावर थाप मारून सांगते, "मेडम, दस बज गए बोल के अम्मा कब से बता रई." मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवते. मॉन्ट्रियल, चाळीस सेकंद. ती 'हां' म्हणते. दिवसभरात तेवढ्या एका 'हां'नंतर ती डोळे मिटत नाही.

मला हे आता होत नाही. तिला धक्का बसता कामा नये हे मला कळतं. पण एका यंत्राकडे बघून 'हां' म्हणत तिचा शेवट व्हावा, हे माझ्याच्यानं सोसवणार नाही.

पोस्टात विचारलं, तिकडे पोचायला तीन आठवडे धरा म्हणाले. १४ जानेवारीला संक्रांत आहे. त्या दिवशी सकाळी मी यंत्र कायमचं बंद करणार आहे. दहाला आई बोटं दाखवील आणि मी तिच्यापुढे तक्ता ठेवीन. तुझ्याकडे तेव्हा तेराची रात्र असेल, साडेअकरा वाजलेले. दुकानाच्या पानाचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे, उघडलंस तर तक्त्यात दिसशील. फोन केलास तर मी तो तिच्या कानाशी धरीन. आलास तर तिच्या डाव्या बाजूला बस, तिकडचा हात तिला हलवता येतो.

पण मी यातलं काहीच धरून चाललेले नाही. हे पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहील, किंवा तू वाचून फाडून टाकशील, आणि तसा तुला हक्क आहे. मग तक्त्यात मॉन्ट्रियलपुढे शून्य असेल. तेव्हा मी आईजवळ बसेन आणि पाडव्यापासूनचं सगळं तिला सांगेन, तुझ्या जूनच्या मेसेजसकट. ती सगळं ऐकेल, आणि मला एक शब्द बोलू शकणार नाही. संक्रांतीची मला भीती वाटते ती याचीच.

'तुझी' लिहायला हात धजत नाही.

रश्मी