टेकडीवरची बाबांशेजारची जागा

मी ऑर्विल टॅकेट, वय ८१, निवृत्त खाणकामगार, राहणार बीच फोर्क, पूर्व केंटकी. शिक्षण सहावीपर्यंत. शुद्धीवर आहे, हे डॉक्टरांना दोनदा विचारून घेतले आहे. आधीचे मृत्युपत्र या कागदाने रद्द करतो.

घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी नोलाला. धुराडे हिवाळ्याआधी साफ करून घ्यावे. विसरू नये. खाणीतला दिवा युनियनच्या सभागृहाला दिला असता, पण तिथे आता चर्च भरते. तोही नोलालाच.

आता धाकटा भाऊ डेल्बर्ट. आमच्या घरात आजोबांपासून मतदान यंत्राचा एकच खटका ओढत, डेमोक्रॅटांचा. त्या एका ओढीत पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जाई. १९८० साली डेल्बर्टने जेवताना सांगितले की त्याने रिपब्लिकनांचा ओढला.

मी म्हणालो, "खाणमालकांच्या पंगतीला बसलास. मेल्यावर त्यांच्याच शेजारी झोप."

"दादा, मेल्यावर कोण मत विचारतं?"

त्या रागात टेकडीवरची, बाबांच्या थडग्याशेजारची त्याची जागा मी मृत्युपत्रात माझ्या कुत्र्याच्या नावे लिहिली.

पुढे खाणी बंद पडल्या. आमचा पक्ष आमच्याशी बोलेनासा झाला, की मीच ऐकेनासा झालो, कळत नाही. मतदार यादीत नोंदणी डेमोक्रॅट म्हणूनच ठेवली, कारण इथला शेरीफ त्यांच्याच उमेदवार निवडायच्या प्राथमिक फेरीत ठरतो आणि तिथे नोंदलेल्यांनाच मत असते. पण नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत वीस वर्षे मी रिपब्लिकनांना मत देतो आहे. हे नोलालाही माहीत नाही.

गेल्या महिन्यात थडगी धुऊन फुले वाहण्याच्या रविवारी डेल्बर्ट लेक्सिंग्टनहून आला. गाडीवर डेमोक्रॅटांच्या प्रचाराची पट्टी.

"हे काय रे?"

"मी होतो तिथंच आहे, दादा. पक्षच सरकले."

मलाही तेच म्हणायचे होते. जाताना त्याने बाबांच्या दगडावर हात ठेवला.

"माझी जागा आहे ना अजून?"

"आहे," मी म्हणालो.

तेव्हापासून एकच स्वप्न पडते. धुके आहे. आम्ही दोघे जागीच उभे आहोत आणि टेकडीच सावकाश वळते आहे. ऊन आधी त्याच्या तोंडावर होते, मग माझ्यावर येते. कोणीच पाऊल उचललेले नाही, तरी तो माझ्या जागी आणि मी त्याच्या.

म्हणून लिहितो: बाबांच्या डावीकडची जागा डेल्बर्टची, उजवीकडची माझी. कुत्रा १९९१ सालीच सफरचंदाच्या झाडाखाली पुरला आहे, त्याची हरकत नाही. डेल्बर्ट, त्या दिवशी मी "आहे" म्हणालो, ते खोटे होते. आजपासून खरे.

सही: ऑर्विल टॅकेट
साक्षीदार: बर्निस प्रेटर (शेजारीण), क्लाइड स्लोन (पाद्री)
बीच फोर्क, ११ जून २०२४